शंभराहून अधिक पराभवांचे तीन हंगाम आणि व्हाइट सॉक्सचा एक लहान चाहता

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांचा बारा वर्षांचा मुलगा शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. हा संघ 2023 मध्ये 101, 2024 मध्ये 121 आणि 2025 मध्ये 102 सामने हरला. वर्गातील बहुतेक मुले शहरातील दुसऱ्या संघाची, म्हणजे कब्जची, असल्यामुळे त्याची रोज टर उडवली जाते. अशा वेळी त्याने संघ बदलावा का, बदलायचा नसेल तर पुढचा हंगाम निराश न होता कसा काढावा, आणि अशा संघाच्या तिकिटांवर पैसे घालण्यात काही अर्थ आहे का?

मी बरीच वर्षे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये स्कोअरर म्हणून काम करतो, आणि व्हाइट सॉक्सचे सामने त्याच्याही आधीपासून पाहत आलो आहे. त्यामुळे जिंकणारे, हरणारे आणि मधल्यामध्ये रेंगाळणारे असे सगळ्या प्रकारचे हंगाम पाहून झाले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. चाहत्याने संघाला काही देणे लागत असेल तर ते लक्ष होय. पुढच्या वर्षी सगळे ठीक होईल अशी आशा बाळगण्याचे त्याच्यावर बंधन नाही, आणि मालकाच्या तिजोरीत पैसे टाकण्याचे तर मुळीच नाही. निराशेने माणसे बेसबॉलपासून दूर जातात, त्यामागे बहुतेक वेळा या तीन गोष्टींची सरमिसळ असते.

आपल्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सर्वप्रथम या खेळाच्या पराभवाचे प्रमाण समजून घ्यावे लागते. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज एक सामना असतो. 2024 मध्ये विजेतेपद मिळवणारा लॉस एंजेलिस डॉजर्सचा संघही त्या नियमित हंगामात 64 सामने हरला होता. भारत एखाद्या विश्वचषकात उपांत्य सामना हरला की आपण आठवडाभर नीट जेवत नाही. तीच मोजपट्टी येथे लावली तर सर्वोत्तम संघाचा चाहतासुद्धा जूनपर्यंत आजारी पडेल. बेसबॉलमधील एका सामन्याचे वजन फार थोडे असते, आणि हे एकदा अंगवळणी पडले की हरलेल्या संध्याकाळीही सामना पाहण्यासारखा असू शकतो, हे पटू लागते.

अर्थात 2024 चा हंगाम या समजुतीच्याही पलीकडचा होता, हे मान्य करायला हवे. 41 विजय आणि 121 पराभव म्हणजे साधारण चार सामन्यांत एक विजय. 1962 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने 120 पराभवांचा जो विक्रम केला होता, तो मोडला गेला, आणि 1901 पासूनच्या आधुनिक काळात एका हंगामात सर्वाधिक सामने हरलेला संघ म्हणून व्हाइट सॉक्सची नोंद झाली. पहिल्या 25 सामन्यांत तीन विजय होते. जुलै-ऑगस्टमध्ये सलग 21 पराभव झाले आणि ती मालिका 6 ऑगस्टला ओकलंडमध्ये तुटली, तर दोनच दिवसांनी व्यवस्थापक पेद्रो ग्रिफोल यांना काढून टाकण्यात आले. संघाने वर्षभरात 507 धावा केल्या आणि 813 दिल्या. धावांच्या या फरकावरून किती विजय मिळायला हवे होते याचे एक गणित मांडता येते, आणि त्यानुसारही आकडा पन्नासच्या आतच राहतो; म्हणजे दुर्दैवाला फारसा दोष देण्याचीही सोय नाही. मुलाशी बोलताना हे आकडे लपवू नयेत. संघ वाईट आहे हे वडिलांनी मोकळेपणाने मान्य केले की मुलालाही त्याचा बचाव करत बसावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष पाहायचे कसे, याकडे वळतो. माझा पहिला सल्ला असा की सामना निवडताना प्रतिस्पर्धी कोण किंवा वार कोणता हे पाहण्याआधी त्या दिवशी सुरुवातीचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, कोण आहे ते पाहावे. हा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी खेळतो, त्यामुळे अतिशय वाईट संघाकडेही पाच दिवसांतून एक दिवस चांगला असू शकतो. 2024 मध्ये तो दिवस गॅरेट क्रोशे या डावखुऱ्या पिचरचा होता. त्याआधी त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर, एकही सामना सुरुवातीपासून टाकलेला नव्हता, आणि तरीही हंगामाच्या पहिल्याच दिवशी चेंडू त्याच्या हाती देण्यात आला. वर्षअखेरीस त्याच्या नावावर 6 विजय आणि 12 पराभव होते, जे पाहून कोणीही त्याला सामान्य समजेल. परंतु त्याच 146 डावांत (एका सामन्यात नऊ डाव असतात) त्याने 209 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले होते आणि निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवडही झाली होती. त्या उन्हाळ्यात ज्यांनी फक्त गुणतालिका पाहिली त्यांना 121 पराभव दिसले. ज्यांनी दर पाचव्या दिवशी सामना लावला त्यांना मात्र ताशी 97-98 मैल वेगाचा चेंडू आणि त्यापाठोपाठ आडवा वळणारा स्वीपर यांच्यासमोर भलेभले फलंदाज चाचपडताना दिसले. डिसेंबरमध्ये त्याला बॉस्टनला देऊन टाकण्यात आले, तेव्हा माझ्यासह अनेकांना वाईट वाटले. त्या बदल्यात आलेल्या चार तरुणांपैकी काइल टील आणि चेस मीड्रॉथ पुढच्याच वर्षी शिकागोत खेळू लागले, त्यामुळे त्या व्यवहाराचा हिशेब अजून चालू आहे.

दुसरा सल्ला माझ्या कामातला आहे: मुलाच्या हातात पेन्सिल आणि स्कोअरकार्ड द्यावे. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला क्रमांक असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6, आणि बाहेरचे तिघे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे आणि तेथून पहिल्याकडे फेकून दोघांना बाद केले, तर आपण 6-4-3 असे लिहितो. फलंदाज बॅट फिरवून स्ट्राइकआउट झाला तर ‘के’ हे रोमन अक्षर, आणि नुसता उभा राहून पंचांच्या निर्णयावर बाद झाला तर तेच अक्षर उलटे. वरकरणी ही कारकुनी वाटते, पण तिचा परिणाम मी अनेक मुलांवर पाहिला आहे. लिहिणाऱ्या मुलाचे लक्ष प्रत्येक चेंडूवर राहते, आणि सामना 7-1 असा हरत असतानाही आठव्या डावातील फलंदाज त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो, कारण त्याची चौकट अजून रिकामी असते.

या सवयीमुळे पराभवही कसा वेगळा दिसतो, याचे एक उदाहरण देतो. 23 मे 2024 रोजी शिकागोत बॉल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध व्हाइट सॉक्स नवव्या डावात बरीच मोठी पिछाडी भरून काढत होते. एक फलंदाज बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू, आणि अँड्र्यू बेनिंटेंडीने चेंडू उंच पण जवळच उडवला. अशा वेळी ‘इनफिल्ड फ्लाय’चा नियम लागू होतो, क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करू नये म्हणून फलंदाजाला पंच चेंडू हवेत असतानाच बाद देतात. तसे ते दिलेही. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन आपल्या जागी परतत असताना शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला असे पंचांचे मत पडले, त्यांनी अडथळ्याबद्दल वॉनलाही बाद ठरवले आणि सामना 8-6 असा तेथेच संपला. हेंडरसनने झेल आरामात घेतला होता, त्याला कसलीच अडचण झालेली दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी गुणतालिकेत केवळ एक पराभव वाढला. स्कोअरकार्ड भरणाऱ्याला मात्र एकाच चेंडूवर दोघे बाद कसे लिहायचे, नियमातील शब्द काय, पंचांना तेथे स्वतःचा विवेक वापरता येतो की नाही, हे सगळे शोधावे लागले; माझ्या ओळखीतील मुले आठवडाभर त्यावर वाद घालत होती. संघ त्या आठवड्यात किती सामने हरला, याची आठवण त्यांच्यापैकी कोणालाच उरली नसावी.

तिसरी गोष्ट, मुख्य संघाच्या खाली काय चालले आहे त्याकडे पाहणे. प्रत्येक मेजर लीग संघाच्या खाली मायनर लीगच्या संघांची उतरंड असते. व्हाइट सॉक्सच्या बाबतीत वरून खाली शार्लट, बर्मिंगहॅम, विन्स्टन-सेलम आणि कन्नापोलिस. मायकेल जॉर्डनने बास्केटबॉल सोडून 1994 मध्ये ज्या संघातून बेसबॉल खेळून पाहिले, तो हाच बर्मिंगहॅम बॅरन्स. 2024 मध्ये वरचा संघ इतिहासातील सर्वात वाईट कामगिरी करत असताना बर्मिंगहॅमने आपल्या लीगचे विजेतेपद पटकावले, ही बातमी शिकागोतील फारच थोड्या लोकांनी वाचली असेल. कोल्सन माँटगोमेरी याची गोष्ट अधिक बोलकी आहे. 2021 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला हा शॉर्टस्टॉप 2025 च्या सुरुवातीला शार्लटमध्ये इतका अडखळत होता, की त्याला खेळातून बाजूला काढून फलंदाजीची घडी नव्याने बसवण्यासाठी अ‍ॅरिझोनातील सराव केंद्रात पाठवावे लागले. जुलैमध्ये तो शिकागोत दाखल झाला आणि उरलेल्या हंगामात 71 सामने खेळून त्याने 21 होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले. ज्यांनी त्याचे एप्रिलमधील आकडे पाहिले होते त्यांना त्या प्रत्येक होम रनचा जो आनंद झाला, तो आयत्या विजेत्या संघाच्या चाहत्याला क्वचितच मिळतो. त्याच वर्षी जुलैमधील ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत संघाचे 32 विजय आणि 65 पराभव होते, आणि त्यानंतर 28 विजय आणि 37 पराभव. दोन्ही मिळून 102 पराभव होतात, पण दोन अर्ध्यांमधील फरक एकूण आकड्यात बुडून जातो.

येथे आशेविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण अशा वेळी लोक मुलांना उसनी आशा देतात. 1962 चे मेट्स 1969 मध्ये विजेते झाले, 2003 मध्ये 119 सामने हरलेले डेट्रॉइट टायगर्स 2006 मध्ये वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पोहोचले, फिलाडेल्फिया फिलीजने जुलै 2007 मध्ये आपल्या इतिहासातील दहा हजारावा पराभव पाहिला आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद जिंकले. ही उदाहरणे खरी आहेत. पण पिट्सबर्ग पायरेट्सने 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षे जिंकल्यापेक्षा अधिक सामने हरून काढली, हेही तितकेच खरे आहे. त्यातली सुरुवातीची वर्षे ज्याच्या शाळेत गेली, त्याची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली तरी संघ हरतच होता. हरले की चांगले नवे खेळाडू मिळतात, हा दिलासाही पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. नव्या खेळाडूंच्या निवडीचे पहिले सहा क्रमांक आता सोडतीने ठरतात, आणि संघांमधील महसूलवाटपातून पैसे न मिळणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीत भाग घेता येत नाही. म्हणून 121 पराभवांनंतरही 2025 च्या निवडीत व्हाइट सॉक्सला दहावा क्रमांक मिळाला. डिसेंबर 2025 च्या सोडतीत त्यांना पहिला क्रमांक लागला, याचा आनंद अवश्य मानावा, पण निवडलेला खेळाडू वर येण्यास काही वर्षे जातात आणि अनेक जण कधीच येत नाहीत. मुलाला हे सांगण्यात काही वाईट नाही. तो फळाच्या अपेक्षेने सामने पाहत असेल तर त्याने आजच थांबावे. माँटगोमेरी पुढच्या चेंडूला काय करतो या उत्सुकतेने पाहत असेल तर त्याला कोणाच्या आश्वासनाची गरज नाही.

पैशांविषयी माझे मत बहुधा संघाच्या विक्री विभागाला आवडणार नाही. संघावर प्रेम असणे आणि मालकाच्या कारभाराला पैसे देऊन पाठिंबा देणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जेरी राइन्सडॉर्फ 1981 पासून या संघाचे प्रमुख मालक आहेत. 1988 मध्ये नवे मैदान न मिळाल्यास संघ फ्लोरिडात हलवण्याची तयारी झाली होती, आणि इलिनॉय विधिमंडळाने मुदतीच्या शेवटच्या रात्री, सभागृहातील घड्याळ थांबवून, सार्वजनिक पैशातून मैदान बांधण्यास मंजुरी दिली. करदाते म्हणून आपण त्या मैदानाला हातभार लावलेलाच आहे, तेव्हा संपूर्ण हंगामाचे पास न घेतल्याने निष्ठा उणी पडते असे कोणी म्हणू नये. 2024 मध्ये स्टँडमधून ‘संघ विका’ अशा घोषणा देणारे लोकही निष्ठावानच होते. ज्यांना पर्वा नव्हती ते घरी बसले होते. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या चाहत्यांनी तर 2023 मध्ये बहिष्काराच्या उलट मार्ग धरला आणि मालकाला विक्रीचे आवाहन करण्यासाठी ठरवून एका रात्री मैदान भरवले. तरीही त्यांचा संघ शहर सोडून गेला. 26 सप्टेंबर 2024 रोजी तेथील शेवटच्या सामन्याला 46,889 लोक आले होते. त्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे निदान वाईट का होईना, पण संघ आहे.

तेव्हा वर्षाला तीन-चार सामने निवडून जावे, एवढे पुरे. हरणाऱ्या संघाचा एक फायदा असा की आठवड्याच्या मधल्या दिवसांची तिकिटे स्वस्त मिळतात आणि खालच्या रांगांतून पिचरचा चेंडू वळताना पाहता येतो, जे यशस्वी संघाच्या मैदानात मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडत नाही. पिचरने ठरावीक वेळात चेंडू टाकावा म्हणून घड्याळ लागू झाल्यापासून नऊ डावांचा सामना सरासरी अडीच तासांच्या थोडा वर जातो, त्यामुळे संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होणारा सामना साडेनवाच्या आत आटोपतो आणि शाळेच्या दिवशीही जमतो. रेड लाइनच्या रेल्वेने पस्तिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरलात तर पार्किंगचे पैसे वाचतील. ते पैसे मैदानातील मेक्सिकन पद्धतीच्या मक्यावर घालवावेत. कणसाचे दाणे समोर सोलून, लिंबू आणि तिखट घालून देतात, फक्त मेयोनीज कमी घालायला सांगावे.

शक्य असेल तर सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यातील एक सामना अवश्य पाहावा. तोपर्यंत गुणतालिकेचा प्रश्न मिटलेला असतो, संघात दोन जादा खेळाडू घेण्याची मुभा असते आणि पुढच्या वर्षी आपली जागा राखू पाहणारे तरुण जीव तोडून खेळतात. 2024 मध्ये 120 पराभव झाल्यावर संघ लॉस एंजेलिस एंजेल्सविरुद्धच्या तीन सामन्यांसाठी घरी परतला, तेव्हा विक्रमी पराभव आपल्या डोळ्यांनी पाहावा म्हणून कितीतरी लोक मुद्दाम आले होते. पहिल्या रात्री आठव्या डावात मागून येऊन संघ 3-2 असा जिंकला, नंतरचे दोन सामनेही जिंकला, आणि विक्रम अखेर डेट्रॉइटमध्ये परक्या प्रेक्षकांसमोर झाला. त्या तीन सामन्यांत मैदानात जो विचित्र, अर्धवट उपहासाचा आणि अर्धवट खऱ्या आनंदाचा जल्लोष होता, तसा मी कोणत्याही बाद फेरीच्या सामन्यात ऐकलेला नाही.

राहिला संघ बदलण्याचा प्रश्न. बारा वर्षांच्या मुलाने संघ बदलला तर आकाश कोसळत नाही; त्याला कब्जचा खेळ मनापासून आवडत असेल तर खुशाल बदलू द्यावे. मात्र तो केवळ वर्गातील चिडवण्याला कंटाळून बदलत असेल तर थोडे थांबावे, कारण कब्जही कधी ना कधी हरणार आहेतच. 2012 मध्ये ते 101 सामने हरले होते आणि 2016 चे विजेतेपद मिळेपर्यंत त्यांच्या चाहत्यांनी 108 वर्षे वाट पाहिली होती. दरम्यान वर्गात उत्तर देण्यासाठी मुलाला दोन तारखा पाठ करून द्याव्यात. 1906 मध्ये कब्जने 116 सामने जिंकले होते, व्हाइट सॉक्सची फलंदाजीची सरासरी आपल्या लीगमध्ये सर्वात कमी होती, आणि दोन्ही संघ वर्ल्ड सीरिजमध्ये समोरासमोर आल्यावर व्हाइट सॉक्स 4-2 असे जिंकले. 2005 मध्ये याच संघाने बाद फेरीतील बारापैकी अकरा सामने जिंकून 88 वर्षांनी विजेतेपद आणले, आणि त्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्याला स्टँडमध्ये बसलेला, शिकागोच्या दक्षिणेकडील उपनगरात वाढलेला एक धर्मगुरू आज पोप लिओ चौदावे म्हणून ओळखला जातो. कब्जच्या मुलांकडे यावर सहसा उत्तर नसते.